भोंगा वाजला, म्हणजे काय कळले?

टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर २२ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या विमानात चढवायच्या बॅगा एक्स-रे यंत्रातून जात होत्या. दुपारी उशिरा ते यंत्र बंद पडले. उरलेल्या बॅगांसाठी कर्मचाऱ्यांनी हातात धरायचे एक छोटे उपकरण घेतले. स्फोटकांच्या वाफा हुंगून ते वाजेल, अशी अपेक्षा होती. त्याच वर्षी जानेवारीत त्याच विमानतळावर त्याची चाचणी झाली होती आणि त्याच्यावर विसंबता येणार नाही, हे तेव्हाच दिसले होते. तरी त्या दिवशी हाताशी तेच होते. एका बॅगेपाशी ते हलकेच वाजले. एवढ्याशा आवाजावर काय करायचे, हे कर्मचाऱ्यांना कोणी सांगितलेले नव्हते. बॅग पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘कनिष्क’ नावाचे ते विमान आकाशातच फुटले आणि त्यातली सर्व ३२९ माणसे मरण पावली. लंडन आणि दिल्ली करून ते विमान मुंबईला यायचे होते. ज्या बॅगेने घात केला ती व्हँकुव्हरमध्ये चढवली गेली होती आणि ती देणारा माणूस प्रवासाला निघालाच नव्हता. टोरांटोत वाजलेली बॅग तीच होती, असे म्हणता येत नाही. निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१० मध्ये दिलेल्या अहवालात चुकांची लांबलचक साखळी नोंदवली आहे. त्या साखळीतली ही एकच कडी या प्रस्तावनेपुरती पुरेशी आहे: इशारा मिळाला होता, पण त्या इशाऱ्याचे वजन किती, हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाही ठाऊक नव्हते.

हे वजन मोजता येते. त्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. बॅगेत स्फोटक असेल तेव्हा उपकरण शंभरातून किती वेळा वाजते, ही पहिली. स्फोटक नसेल तेव्हा ते शंभरातून किती वेळा वाजते, ही दुसरी. दोन्ही आकडे सारखेच असतील, तर आवाज झाला काय आणि न झाला काय, ज्ञानात काडीची भर पडत नाही. पहिला आकडा दुसऱ्याच्या शंभरपट असेल, तर एका आवाजाने संशय शंभरपट वाढतो. तपासणीच्या कोणत्याही यंत्राची, कुत्र्याची, प्रश्नावलीची किंवा अनुभवी हवालदाराच्या नजरेची किंमत अखेर या गुणोत्तरात असते.

पण शंभरपट म्हणजे कशाच्या शंभरपट? खरी मेख इथे आहे. थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइस या मित्राने प्रकाशात आणला. नवा पुरावा हाती आल्यावर आधीचा अंदाज किती बदलायचा, याचा नियम त्या निबंधातून पुढे आला. पुराव्याचे वजन आधीच्या अंदाजावरच टाकावे लागते, आणि सुरक्षा तपासणीत हा आधीचा अंदाज अतिशय लहान असतो, कारण विमानात बसणारे जवळजवळ सगळेच निरपराध असतात.

एक कल्पित हिशेब घेऊ. एक कोटी प्रवासी आहेत आणि त्यांत घातपाती एकच आहे. यंत्र इतके चांगले की घातपाती समोर आला तर ते शंभरातून ९९ वेळा वाजते आणि निरपराध माणसापाशी शंभरातून एकदाच चुकून वाजते. जाहिरातीत अशा यंत्राला ‘९९ टक्के अचूक’ म्हटले जाईल आणि ते खोटेही नसेल. आता यंत्र वाजले. समोरचा माणूस घातपाती असण्याची शक्यता किती? बहुतेकांच्या तोंडी ९९ टक्के हेच उत्तर येते. प्रत्यक्षात एक कोटी माणसांमागे सुमारे एक लाख निरपराध माणसांपाशी ते वाजणार आहे आणि घातपात्यापाशी फार तर एकदा. म्हणजे उत्तर लाखात एक. यंत्राने आपले काम चोख केले, संशय ९९ पटीने वाढवला. पण कोटीत एकाला ९९ ने गुणले तरी तो लाखात एकच होतो.

या हिशेबाने घाबरून जाऊन तपासणीच व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे. लाखात एक ही शक्यता कोटीत एकापेक्षा खूप मोठी आहे, आणि एक कोटींऐवजी आता एक लाख माणसांकडेच पुन्हा पाहायचे आहे. पहिल्या चाळणीचे काम गुन्हेगार ठरवण्याचे नसून दुसऱ्या तपासणीकडे कोणाला पाठवायचे हे ठरवण्याचे आहे. घोटाळा होतो तो पहिल्या चाळणीचा इशारा निकालासारखा वाचला गेल्यामुळे. तिथून पुढे एका निरपराध माणसाचा दिवस, कधी नोकरी, कधी अब्रू जाते.

नोकरी कशी जाते याचा एक हिशेब अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये मांडला. तिथल्या सरकारी प्रयोगशाळांत हेर शोधण्यासाठी कर्मचाऱ्यांची लाय-डिटेक्टर चाचणी सरसकट घ्यावी काय, हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञ स्टीफन फिनबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे होता. समितीने दहा हजार कर्मचारी आणि त्यांत दहा हेर अशी कल्पना केली आणि यंत्राची क्षमता उदार मनाने धरली. दहांपैकी आठ हेर सापडावेत एवढी चाचणी कडक ठेवली, तर एकूण १,६०६ जण नापास होतात: आठ हेर आणि १,५९८ निरपराध. शिवाय दोन हेर पास होऊन कामावर जातात. निरपराधांना वाचवण्यासाठी चाचणी सैल केली, तर नापास होणारे फक्त ४१. पण त्यांत हेर दोनच, बाकीचे आठ सुटतात. यंत्र तेच, माणसे तीच. बदलली ती फक्त रेघ, जिच्या पलीकडे ‘संशयित’ म्हणायचे.

ही रेघ कुठे ओढायची, याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की पक्ष्यांच्या थव्याचा, हे ठरवणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच होता, आणि १९५० च्या दशकात त्यातून संकेत ओळखण्याचा एक सुटसुटीत सिद्धांत तयार झाला. रेघ अलीकडे-पलीकडे सरकवत नेली की पकडलेले आणि चुकून अडवलेले या दोघांचे आकडे एका वक्र रेषेवर सरकतात. यंत्र सुधारले तर ती वक्र रेषाच उचलली जाते. यंत्र तेच राहिले तर त्या रेषेवरची जागा तेवढी निवडता येते. ती निवड करताना निसटलेल्या एका बॉम्बची किंमत आणि अडवलेल्या एका प्रवाशाची किंमत ठरवावी लागते, आणि ते काम समाजाचे, संसदेचे, न्यायालयाचे आहे. यंत्र विकणाऱ्या कंपनीने कारखान्यातच रेघ ओढून पाठवावी आणि कोणी प्रश्न विचारू नये, अशी रीत सहज पडू शकते. लोकशाहीत ती खपवून घेता कामा नये.

कागदावरचा हिशेब इथवर सरळ आहे. पण एक्स-रेच्या पडद्यासमोर माणूस बसलेला असतो, आणि दुर्मीळ गोष्टीचा शोध माणसाच्या नजरेला फार जड जातो. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गर्दीच्या चित्रात एखादे अवजार शोधायचे. निम्म्या चित्रांत ते होते तेव्हा पाहणाऱ्यांच्या नजरेतून ७ टक्के वेळा सुटले. शंभरातल्या एकाच चित्रात होते तेव्हा ३० टक्के वेळा सुटले. माणसे तीच होती, पण मन पटकन शिकले होते की इथे सहसा काही नसते, आणि ‘नाही’ म्हणायची घाई वाढली होती. विमानतळावर तर खरे हत्यार शंभरात एकाहून कितीतरी विरळ. म्हणून अनेक विमानतळांवर एक्स-रेच्या पडद्यावर अधूनमधून खोट्या पिस्तुलाचे किंवा बॉम्बचे चित्र मुद्दाम मिसळले जाते. जवानाने बटण दाबले की यंत्र सांगते, हे चित्र खोटे होते. यात दोन कामे साधतात: नजर जागी राहते, आणि कोण किती वेळा चुकतो याची मोजदादही होते. आठ-आठ तास रांगेपुढे उभ्या राहणाऱ्या आणि चूक झाली की सगळा दोष अंगावर घेणाऱ्या सीआयएसएफच्या जवानांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही मोजदाद मागितली पाहिजे. पाळी किती तासांची असावी, पडद्यासमोर सलग किती वेळ बसवावे, हे प्रश्न मग दयेचे राहत नाहीत, हिशेबाचे होतात.

मोजदादीची सर्वांत झोंबणारी बातमी २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेतून आली. तिथल्या गृहसुरक्षा विभागाच्या तपासनिसांनी साध्या प्रवाशांच्या वेशात विमानतळांवर लपवलेली हत्यारे आणि नकली स्फोटके नेऊन पाहिली. ७० पैकी ६७ वेळा ती आरपार गेली. विमानतळ सुरक्षा संस्थेच्या हंगामी प्रमुखांना पद सोडावे लागले. ७० हा आकडा लहान वाटतो, पण इतक्या एकतर्फी निकालाला तो पुरतो: नशिबाला भरपूर वाव दिला तरी खरे अपयश ८५ टक्क्यांच्या खाली आणता येत नाही.

उलट बाजूने मात्र लहान आकडे फसवतात. समजा, नव्या यंत्राची ३० वेळा चाचणी घेतली आणि ते एकदाही चुकले नाही. टाळ्या वाजतात, खरेदीचा आदेश निघतो. संख्याशास्त्रात याला एक सोपा ठोकताळा आहे: एकही चूक न होता जितक्या चाचण्या झाल्या, त्या संख्येने तीनला भागायचे. ३० चाचण्या निर्दोष झाल्या तर खरे चुकण्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकते, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. एक टक्क्याच्या आत आहे असे म्हणायचे तर ३०० निर्दोष चाचण्या हव्यात. निविदा काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावावा असा हा भागाकार आहे. पिअर्सन विमानतळावरच्या त्या उपकरणाची चाचणी निदान झाली तरी होती. तिचा निकाल वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही, किंवा पोहोचूनही कोणी मनावर घेतला नाही, हे जास्त दुःखद आहे.

एका यंत्रावर भरवसा नाही तर दोन लावावीत, हा पुढचा स्वाभाविक विचार. एक यंत्र शंभरातून दहा बॉम्ब सोडते, दुसरेही दहा सोडते, तर दोन्हींतून सुटणारा शंभरात एकच असेल. हा गुणाकार ऐकायला इतका गोड आहे की त्यामागची अट विसरली जाते. दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या कारणांनी चुकत असतील तरच तो लागू पडतो. दोन्ही एक्स-रेच असतील आणि दोन्ही पातळ पत्र्यासारख्या पसरलेल्या स्फोटकाला फसत असतील, तर दुसरे यंत्र म्हणजे पहिल्याचीच सही. म्हणून चांगल्या रचनेत एक्स-रेनंतर रासायनिक चाचणी येते. बॅगेच्या मुठीवर कापडी पट्टी फिरवून तिच्यावरचे कण तपासणारे यंत्र घनतेकडे पाहतच नाही. तेही चुकते, हाताला लावलेल्या क्रीममधल्या ग्लिसरीनवर कधी कधी वाजते. पण त्याच्या चुका वेगळ्या आहेत, आणि दुसऱ्या चाळणीकडून तेवढेच हवे असते.

आता या विषयातला सर्वांत रसाळ आणि सर्वांत अवघड भाग. क्षयाचे जंतू डॉक्टरांची तपासणी पाहून आपला मार्ग बदलत नाहीत. घातपाती बदलतो. तो पाहतो, विचारतो, आधी एकदा येऊन जातो. त्यामुळे रोगनिदानातून घेतलेली संभाव्यता इथे जशीच्या तशी चालत नाही. समोर खेळाडू आहे.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या आधीही प्रवाशांची संगणकावरून निवड होत होती. त्या दिवशीच्या १९ अपहरणकर्त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांवर विमानतळावर खूणही लागली होती. पण खूण लागली की काय करायचे, याचा तेव्हाचा नियम मालाच्या बॅगेपुरता होता: माणूस विमानात चढल्याची खात्री होईपर्यंत त्याची बॅग चढवायची नाही. हा नियम, बॅग पाठवून स्वतः मागे राहणाऱ्या, म्हणजे ‘कनिष्क’च्या आणि १९८८ च्या लॉकरबी विमानस्फोटाच्या घातपात्यांसाठी होता. स्वतः मरायला तयार असलेल्यांना तो लागूच पडला नाही. इशारा बरोबर होता, त्याला जोडलेली कृती जुन्या शत्रूसाठी बेतलेली होती.

पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या समिध चक्रवर्ती आणि ॲरन स्ट्रॉस या दोन विद्यार्थ्यांनी अशा संगणकी निवडीतले आणखी मोठे भगदाड दाखवले. निवडीचा नियम गुप्त असला तरी तिचा निकाल गुप्त राहत नाही. आपल्याला बाजूला घेतले की नाही, हे प्रत्येक प्रवाशाला कळते. टोळीने आपली माणसे काहीही न लपवता आधी दोन-चारदा प्रवासाला पाठवायची. ज्यांना कधीच अडवले जात नाही ती माणसे निवडायची आणि खऱ्या कामगिरीवर धाडायची. जी तपासणी इतर कोणावर व्हायची ती आता नेमकी या माणसांवर होणार नाही. म्हणजे साऱ्या प्रवाशांतून केवळ चिठ्ठ्या टाकून निवड केली असती, तर पकडण्याची शक्यता जास्त राहिली असती. चिठ्ठीला मागचा प्रवास आठवत नाही, आणि इथे तेच तिचे बळ ठरते.

‘अमुक तऱ्हेच्या माणसांनाच अडवा’ म्हणणाऱ्यांसाठी २००९ मध्ये विल्यम प्रेस यांनी दिलेले गणित याहून नेमके आहे. समजा, प्रत्येक माणसाच्या बाबतीत संशयाचे प्रमाण बरोबर माहीत आहे, आणि ज्याच्यावर संशय शंभरपट त्याला शंभरपट वेळा तपासायचे, असा नियम केला. प्रेस यांनी दाखवले की खरा गुन्हेगार सापडेपर्यंत सरासरीने जितक्या तपासण्या कराव्या लागतात, तितक्याच डोळे मिटून सर्वांना सारख्या प्रमाणात तपासले तरी लागतात. सगळी माहिती वाया गेली. कारण संशयाच्या यादीत वर असलेली निरपराध माणसे पुन्हा पुन्हा अडवली जातात आणि यादीत खाली बसलेल्या गुन्हेगाराची पाळी फार उशिरा येते. उत्तम उत्तर वर्गमुळाचे आहे: संशय शंभरपट असेल तर तपासणी दहापट. आणि हे सारे, संशयाचे आकडे अगदी बरोबर आहेत असे धरून. प्रत्यक्षात ते नावावरून, दाढीवरून, पेहरावावरून ठरवलेले असतात. भारतात ज्यांना नावामुळे दर वेळी बाजूला घेतले जाते, त्यांचे दुःख सांगायला गणिताची गरज नाही. पण ते दुःख सुरक्षेसाठी सोसावेच लागते, या दाव्याला मात्र गणिताने उत्तर देता येते, आणि ते ठणकावून द्यायला हवे.

चिठ्ठ्या टाकायच्या, पण सगळ्या जागा सारख्या महत्त्वाच्या नसतील तर? या प्रश्नाचे उत्तर मिलिंद तांबे यांच्या नावाशी जोडलेले आहे. पिलानीच्या बिट्समधून शिकून अमेरिकेत गेलेले तांबे तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. त्यांच्या गटाने तयार केलेली ‘आर्मर’ ही संगणक प्रणाली २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर कामाला लागली. विमानतळाकडे येणाऱ्या रस्त्यांवर नाकाबंदी कधी आणि कुठे लावायची, श्वानपथक कोणत्या टर्मिनलवर न्यायचे, हे ती ठरवू लागली. मुळाशी १९३४ मध्ये हाइनरिश फॉन श्टाकेलबर्ग यांनी बाजारपेठेतल्या स्पर्धेसाठी मांडलेली कल्पना आहे: एक खेळाडू आपली चाल आधी जाहीर करतो, दुसरा ती पाहून खेळतो. इथे पोलीस पहिला खेळाडू. त्यांची पद्धत शत्रू टेहळणी करून ओळखणारच, हे धरूनच ती आखायची.

छोटा हिशेब करून पाहावा. दोन टर्मिनल, श्वानपथक एकच. पहिल्या टर्मिनलवर हल्ला झाला तर नुकसान तीन एकके, दुसऱ्यावर एक. पथक ज्या ठिकाणी असेल तिथला हल्ला फसतो. पथक कायम पहिल्या टर्मिनलवर ठेवले तर हल्लेखोर दुसऱ्यावर जाईल आणि नुकसान एक होईल. नाणे उडवून निम्मे-निम्मे दिवस वाटले तर तो पहिल्यावर जाईल, सरासरी नुकसान दीड. चारांतले तीन दिवस पहिल्यावर आणि एक दिवस दुसऱ्यावर, आणि कोणता दिवस ते रोज नव्याने सोडत काढून, असे केले तर दोन्हीकडे सरासरी नुकसान पाऊण होते. हल्लेखोराला सारे प्रमाण ठाऊक असले तरी त्याचा काही उपयोग नाही. हाच विचार पुढे अमेरिकेतल्या विमानांवरच्या सशस्त्र रक्षकांच्या नेमणुकीत आणि २०११ पासून बोस्टन बंदरातल्या तटरक्षक दलाच्या गस्तीत गेला. आपल्याकडची नाकाबंदी रोज त्याच चौकात, त्याच वेळी दिसते तेव्हा या हिशेबाची आठवण व्हावी. माणसाला मनाने बेशिस्त निवड करता येत नाही. तो नकळत घड्या पाडतो, म्हणून सोडत यंत्राने काढायची असते.

मुंबईच्या लोकलला तर सोडतीशिवाय दुसरा मार्गच नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. विमानतळासारखी तपासणी लोकलला लावायची म्हटले तर ८:१२ ची गाडी सुटणारच नाही. रोज लाखो लोक ज्या दारांतून धावत जातात, तिथे उभ्या केलेल्या धातुशोधक चौकटी सतत वाजत राहतात आणि त्या वाजण्याने कोणीही थांबत नाही. पहिल्या हिशेबात मांडलेल्या गुणोत्तराच्या भाषेत, तो आवाज शून्य वजनाचा आहे. न्यूयॉर्कने जुलै २००५ मध्ये, लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या स्फोटांनंतर, वेगळी वाट धरली. थोडीच स्थानके, ठिकाणे रोज बदलती, आणि येणाऱ्या माणसांतून ठरलेल्या क्रमांकाच्या माणसाची बॅग पाहायची, मग तो कोणीही असो. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये अपिली न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. पोलिसाच्या मर्जीला वाव नसणे, हे त्या मान्यतेत महत्त्वाचे ठरले. अशी तपासणी फार थोड्या बॅगा पाहते. तरी अनेक जणांनी, अनेक ठिकाणी एकाच वेळी करायच्या कटात एक जण जरी सापडण्याची शक्यता असली, तरी आखणी करणाऱ्याचे गणित विस्कटते. दहा टक्के शक्यतेने पकडणारी तपासणी सात माणसांच्या कटातला निदान एक माणूस अर्ध्याहून अधिक वेळा पकडते.

तपासणीने गुन्हा रोखला जातो हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न यातूनच उभा राहतो, कारण न घडलेल्या घटना मोजता येत नाहीत. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत विमान अपहरणांची साथच आली होती. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि अपहरणे एकदम आटली. तपासणीचा इतका ठसठशीत विजय दुसरा सापडणार नाही. पण पुढच्याच महिन्यात अमेरिका आणि क्यूबा यांच्यात अपहरणकर्त्यांना शिक्षा करण्याचा करार झाला, म्हणजे पळून जायची जागाही त्याच सुमारास बंद झाली. अर्थशास्त्रज्ञ विल्यम लँडिस यांनी १९७८ च्या अभ्यासात ही कारणे वेगवेगळी करून पाहिली आणि श्रेयाचा मोठा वाटा तपासणीलाच दिला. असा अभ्यास दर नव्या योजनेचा व्हायला हवा.

तो झाला नाही तर काय होते, हे प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित ओळखण्याच्या अमेरिकी योजनेत दिसले. २००७ पासून तिच्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी आधीच्या ४०० हून अधिक अभ्यासांचा आढावा पुढे ठेवला: हावभावांवरून लबाडी ओळखण्याची माणसाची क्षमता नाणेफेकीइतकी किंवा तिच्याहून किंचित बरी. ‘कनिष्क’ची ती हलकी टिकटिक इथे हजारो प्रशिक्षित माणसांच्या रूपाने विमानतळांवर उभी होती.

खर्च पैशांतच होतो असेही नाही. रांग हीदेखील खर्चाची बाब आहे, आणि धोक्याचीही. मार्च २०१६ मध्ये ब्रुसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते तपासणीच्या अलीकडच्या निर्गमन कक्षात. तीन महिन्यांनी इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावरही हल्लेखोरांनी प्रवेशाजवळची गर्दी गाठली. तपासणी कडक करून रांग दुप्पट केली, तर विमान सुरक्षित होताना रांगेतली माणसे उघड्यावर येतात. हे दोन्ही धोके एकाच ताळेबंदात मांडल्याशिवाय रचना पुरी होत नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये दिल्ली-मुंबईसह काही विमानतळांवर हँडबॅगेच्या टॅगवर शिक्का मारण्याची पद्धत बंद झाली, तेव्हा अनेकांना ती ढिलाई वाटली. शिक्क्याने किती बॉम्ब अडत होते आणि रांगेत किती वेळ जात होता, असे दोन्ही प्रश्न विचारले की तो निर्णय वेगळा दिसतो.

आणि आता चेहरे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसीत डिजियात्रा सुरू झाली, पुण्यातही आली. तिथे कॅमेऱ्यासमोरचा चेहरा प्रवाशाने स्वतः दिलेल्या फोटोशी जुळवला जातो, आणि तो जुळला नाही तर जवानाकडे जाऊन ओळखपत्र दाखवावे लागते. गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्याची गुन्हेगारांच्या यादीशी तुलना करणे ही मात्र पूर्ण निराळी गोष्ट आहे. ३ जून २०१७ रोजी कार्डिफमध्ये युव्हेंटस आणि रेआल माद्रिद यांच्यात फुटबॉलचा अंतिम सामना होता आणि शहरात सुमारे १ लाख ७० हजार माणसे आली होती. साउथ वेल्स पोलिसांच्या कॅमेऱ्यांनी त्या काळात २,४७० वेळा ‘यादीतला माणूस’ म्हणून इशारा दिला. त्यांतले १७३ बरोबर होते, २,२९७ चूक. वृत्तपत्रांनी ९२ टक्के चुकीचे यंत्र म्हणून मथळे दिले. यादीतली माणसे विरळ असताना चांगल्या यंत्राचेही असेच व्हायचे. म्हणून पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: पोलिसांकडे हे इशारे आले, तेव्हा हातातल्या इशाऱ्याचे खरे वजन चौदांत एक आहे, हे त्यांना सांगितलेले होते काय? २०२० मध्ये ब्रिटनच्या अपिली न्यायालयाने त्या पोलिसांनी केलेला अशा कॅमेऱ्यांचा वापर बेकायदा ठरवला. यादीत कोणाला घालायचे आणि कॅमेरा कुठे लावायचा याचे नियम फार मोकळे होते, आणि यंत्र स्त्रिया किंवा वर्णाने वेगळ्या लोकांच्या बाबतीत जास्त चुकते काय, याची खातरजमा पोलिसांनी पुरेशी केली नव्हती, ही त्यामागची कारणे.

पुढच्या प्रकरणांत ही सारी सूत्रे उकलून मांडलेली आहेत. वर्गमुळाचा नियम कुठून येतो, दोन यंत्रांच्या चुका एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत हे कसे मोजतात, तीनशे चाचण्या परवडत नसतील तर काय करावे, हे तिथे येईल. शाळेतल्या बेरीज-गुणाकारापलीकडचे गणित जिथे लागते, तिथे ते आधी आकड्यांतून आणि मग चिन्हांतून दिले आहे. मुंबईत, पुण्यात किंवा पणजीत नवी यंत्रणा बसवल्याची बातमी येते तेव्हा कॅमेऱ्यांची आणि दारांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. ती यंत्रणा किती वेळा चुकून वाजली, मुद्दाम लपवून नेलेल्या वस्तू तिने किती वेळा सोडल्या आणि वाजल्यावर समोरच्या माणसाचे काय झाले, हे तीन आकडे त्याच बातमीत मागणारा वाचक या पुस्तकाला हवा आहे.